हळू बोला, लांबहात्या ऐकतोय

"ओ, दाराजवळ उभ्या राहू नका... व्हय, तुम्हीच. पिवळ्या ओढणीवाल्या."

मी दचकलेच. दुपारचा एक वाजला होता. मे महिन्याचं ऊन मांडवगणच्या शिवारावर नुसतं ओतत होतं, आणि मी आमच्या रोपवाटिकेत, शेडनेटखालच्या हिरव्या उजेडात, झेंडूच्या ट्रेंच्या मधोमध पाय पसरून बसले होते. हातात मोबाइल, कानात इअरफोन; आवाज त्यातूनच आला होता, आणि पिवळी ओढणी होती मोबाइलमधल्या माझ्या पात्राची. 'मुक्कामी' नावाचा भुताचा गेम मला मावसबहीण पूनमनं घालून दिला होता. "एकटी खेळू नको मोने, घाबरशील," असं तिनं बजावलं होतं, म्हणून तर मी एकटीच बसले होते.

गेम सुरू होतो एका ओसाड एसटी स्टँडवर. मोडकी बाकं, बंद कँटीन, चौकशीची खिडकी आणि मधोमध एकच ट्यूबलाइट. कुठकुठले आठ जण एका वेळी तिथं येतात. तिथून जंगलातून चालत जाऊन शेवटची गाडी गाठायची. वाटेत लांबहात्या फिरत असतो. त्याला डोळे नाहीत, पण कान फार तिखट. तुमच्या माइकमधून आवाज गेला की तो त्या आवाजावर चालून येतो.

मला तेव्हा यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"कोण बोलतंय?" मी विचारलं. आमच्या घरात बोलतात तसं, म्हणजे चांगलं खणखणीत.

"श्शू... कुजबुजा. आन् ट्यूबखाली या. या ना, मी हाय हितं."

मी पात्र पळवत ट्यूबखाली आणलं. मागं वळून बघते तर... मी उभी होते त्याच दारातून एक लांबलचक करडा हात आत आला. फरशी चाचपडला. आणि हळूच परत गेला.

माझ्या हातातला मोबाइल नारळाच्या भुशाच्या पोत्यावर पडला.

"गेला," तो आवाज म्हणाला. "पहिल्यांदाच आलाय ना? होतं असं. मी तर पहिल्या दिवशी चार वेळा मेलतो."

मला हसू फुटलं. तोंडावर ओढणी दाबून हसले मी. त्याच्या पात्राच्या डोक्यावर नाव होतं, 'सावकाश'. माझं होतं 'शेवंती'.

त्या दिवसापासून रोज एक ते दोन, जेवणाच्या सुट्टीत, मी स्टँडवर जायला लागले. आणि सावकाश रोज तिथं असायचा. नव्या माणसानं जिवंत कसं राहायचं, ते तो शिकवायचा. ट्यूब तीनदा लुकलुकली की बाकामागं बसायचं, परत लागेपर्यंत हलायचं नाही. चौकशीच्या खिडकीतली घंटा वाजवायची नाही, कितीही वाजवावीशी वाटली तरी. बाहेर पडायचं ते सगळ्यांनी मिळून, माणसं मोजून. आणि काहीही झालं तरी बोलायचं ते कुजबुजत.

त्याचं कुजबुजणं... कसं सांगू? जणू कुणी आपल्यासाठी आवाज मुद्दाम बारीक करून ठेवलाय. घाई नाही, चिडचिड नाही. हिंदी बोलणारी पोरं त्याला चिडवायची, "अरे, तू तो इस स्टँड का कंडक्टर है!" तो नुसता हसायचा आणि पुढच्या नव्या माणसाला बाकामागं न्यायचा.

एकदा एक नवी मुलगी घाबरून किंचाळली आणि दाराबाहेर धावत सुटली. बाकीचे म्हणाले, जाऊ दे, मरेल. सावकाश काही न बोलता तिच्या मागं गेला. लांबहात्या तिच्या अंगावर यायच्या आत त्यानं हातातला डबा दूर फेकून वाजवला, आवाजाला भुलून तो तिकडं वळला, मुलगी परत स्टँडवर आली. सावकाश मात्र सापडला. गेममध्येच मेला, पण मला दिवसभर चुकल्यासारखं वाटत राहिलं. संध्याकाळी पाण्याची झारी घेऊन फिरताना मी मनाशी म्हटलं, मोने, हे लक्षण काही बरं नाही.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "तुम्ही हे स्टँड सोडून पुढं कधीच का जात नाही? गाडी बघितलीय का कधी?"

"बघितलीय की."

"मग?"

"गाडीपेक्षा स्टँडवर बरं वाटतं." त्याचं पात्र ट्यूबकडं वळलं. "रोज एक वाजता एक जण येतं तिथं... चुकवून चालत न्हाई."

माझे कान तापले. ऊनच तसं होतं म्हणा.

"कोण येतं बाई एवढं?" मी साळसूदपणे विचारलं.

"हाय एक. पहिल्यांदा आली तवा फार मोठ्यानं बोलायची."

तेवढ्यात आमच्या आप्पांनी विहिरीकडून हाक मारली, "आगं मोने, मोटर बंद कर गं!" आणि ती हाक माइकमधून थेट स्टँडवर पोचली. लांबहात्या आला, आम्ही दोघंही बाकामागं बसलो, आणि तो गेल्यावर सावकाश म्हणाला, "मांडवगणच्या अंगाच्या का तुम्ही?"

"कसं ओळखलं?"

"तिकडची माणसं येतात आमच्याकडं. अशी हाक नदीच्या पलीकडचेच मारतात."

त्याच्या मागं रेल्वेचा भोंगा वाजला. मीही ओळखलं. दौंड! आमच्या गावापासून भीमा ओलांडली की तासाभराची वाट. एवढ्या जवळ!

"मग फोनवर बोलू या का कधी?" माझ्या तोंडून निघून गेलं. "नंबर देते मी..."

ट्यूबखालचं त्याचं पात्र एक पाऊल मागं सरकलं.

"न्हाई," तो म्हणाला. "हितंच बरं हाय."

हितंच बरं हाय! मी गेम बंद केला आणि त्या दिवशी रोपांना जरा जास्तच पाणी घातलं.

दोन दिवसांनी आमची मोटर जळाली.

रोपवाटिकेत ऐंशी हजार रोपं उभी होती. झेंडू, शेवंती, टोमॅटो. शेतकऱ्यांनी महिनाभर आधी सांगून ठेवलेली. तसल्या उन्हात ट्रेमधली रोपं दोन दिवस पाण्याशिवाय राहिली तर संपलंच. आप्पांचा चेहरा उतरला. कळशीनं किती घालणार? सकाळी आठला मोटर पिकअपमध्ये टाकून आम्ही दौंड गाठलं. स्टेशनच्या अंगाला माऊली मामांचं जळालेल्या मोटरीत नवी तार भरून द्यायचं दुकान आहे, तिथं.

"आप्पा, दोन दिवस तरी लागतील बघा," माऊली मामा म्हणाले. "अकरा मोटरी पुढं पडल्यात."

"मामा, दोन दिवसांत रोपं जळतील हो," मी म्हटलं. "पोरासारखी वाढवलीत. काहीतरी करा ना."

आतल्या बाजूला काहीतरी खणकन पडलं. एक तरुण माणूस पाना उचलायला वाकला होता. सावळा, बाह्या वर सारलेल्या, केसांवर तांब्याच्या तारेचा बारीक तुकडा अडकलेला. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि पटकन नजर खाली घातली. मग पुढं आला, आमच्या मोटरीवर हात ठेवला आणि मामांना एक बोट दाखवून बाहेरच्या उन्हाकडं खूण केली.

"आजच देतो म्हणतोस?" मामा चकित झाले. "विश्वजीत, अरे जेवायला तरी उठशील का?"

त्यानं मान हलवली. उठला नाहीच.

मी दिवसभर समोरच्या बाकड्यावर बसून होते. मामांनी पावतीवर माझं नाव लिहून घेतलं, मोनाली. आप्पा बाजारात जाऊन आले, मी जागची हलले नाही. त्यानं जळालेली तार उपसून काढली, खाचा साफ केल्या, कागद बसवले आणि नवी तार भरायला घेतली. काय ती बोटं! एकेक वेढा असा बसवत होता जणू कुणाची वेणी घालतोय. कुठं ओढाताण नाही, कुठं घाई नाही. वार्निशचा उग्र वास, डोक्यावर कुरकुरणारा पंखा, आणि तो... मधेच वर बघायचा, मी बघतेय असं दिसलं की पुन्हा खाली. एकदा न बोलताच त्यानं पंख्याचं तोंड माझ्याकडं वळवलं.

आणि मला एकदम अपराधी वाटायला लागलं. एक वाजून गेला होता. स्टँडवर सावकाश वाट बघत असेल, आणि मी इथं दुसऱ्याच माणसाच्या हातांकडं टक लावून बसले होते! मी लपून गेम उघडला. सावकाश आलाच नव्हता. बरं झालं, असं वाटलं, आणि मग वाईटही वाटलं.

संध्याकाळी सहाला मोटर तयार झाली. निघताना मी त्याला म्हटलं, "फार उपकार झाले तुमचे." तो हसला. ओठ हलले, पण शब्द आला नाही. हात जोडले आणि आत गेला.

त्याच रात्री पाणी सुरू झालं. सकाळी रोपांनी माना वर केल्या होत्या.

दुपारी एक वाजता स्टँडवर सावकाश हजर. मी ट्यूबखाली जाऊन उभी राहिले. तो कुजबुजला, "काय मग... रोपं जगली का?"

"जगली की सगळी," मी खुशीत म्हणाले.

रोपं? मोटरीबद्दल मी स्टँडवर कुणालाच बोलले नव्हते.

"तुम्हाला कसं माहीत?"

ट्यूब एकदा लुकलुकली. त्याचं पात्र बाकाकडं वळलं.

"विश्वजीत?" मी विचारलं.

तो बाकामागं जाऊन बसला. मग मात्र माझा तोल गेला. "तुम्ही माझा आवाज ओळखला होता! दिवसभर समोर बसले होते मी, आणि एक शब्दसुद्धा बोलला नाहीत? एवढी वाईट दिसते का मी?"

मी ओरडले होते. दारातून तो करडा हात आत आला आणि माझं पात्र उचलून घेऊन गेला. पडदा काळा झाला. मी परत आले तोवर सावकाश निघून गेला होता.

आठ दिवस तो आला नाही.

मी मात्र रोज जात होते. नवे लोक यायचे, दाराजवळ उभे राहायचे, मोठ्यानं बोलायचे. मग मीच त्यांना ट्यूबखाली बोलवायचे, बाकामागं बसवायचे, घंटेपासून लांब ठेवायचे. तो करायचा तसंच. करता करता कळलं, हे किती अवघड आहे. रोज तेच सांगायचं, रोज नव्यानं, न वैतागता. ज्या माणसानं हे महिनोन्महिने केलं, तो मला पाहून नाक मुरडून आत गेला असेल? मला पटेना. नवव्या दिवशी सकाळी मी स्कूटी काढली.

दुकानात माऊली मामा होते. विश्वजीत मला पाहताच मागच्या खोलीत शिरला.

"मोटर परत बिघडली काय?" मामांनी विचारलं.

"मोटर चांगलीये मामा. मला त्यांच्याशी बोलायचंय."

मामा थोडं घुटमळले. "पोरी, तो बोलायला लाजतो. जीभ अडखळते त्याची, लहानपणापास्नं. लोक हसत्यात, मग त्यानं बोलणंच सोडलं. पर त्याच्यासारखा कारागीर अख्ख्या तालुक्यात न्हाई."

माझ्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. मी मागच्या खोलीच्या दारात गेले. तो तारेच्या रिळांजवळ उभा होता, पाठमोरा.

"गेममध्ये तर अडखळत नाही तुम्ही," मी म्हटलं.

तो वळला. कुजबुजत, तशाच त्या ओळखीच्या आवाजात म्हणाला, "कुजबुजताना अडकत न्हाई. का ते ठाऊक न्हाई. स्टँडवर सगळेच कुजबुजतात... तिथं मी सगळ्यांसारखा असतो. पुढं गाडीजवळ पोचलं की लोक आनंदानं ओरडतात. मला न्हाई ओरडता येत."

"म्हणून फोन नको होता?"

त्यानं मान हलवली. "तुम्हाला तो स्टँडवरचा आवडायचा. हा कशाला दाखवू?"

"हा पण आवडला होता," मी पटकन बोलून गेले. "दिवसभर बाकड्यावर बसून तुमचे हात बघत होते आणि सावकाशला फसवतेय म्हणून मनात झुरत होते. दोघांच्या मधे पार अडकले होते मी!"

तो बघतच राहिला. मग हसला, अगदी मोठ्यानं. त्याचं असं मोकळं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं. भरदार होतं, आणि कुठंही अडखळत नव्हतं.

"आता मोठ्यानं बोला," मी म्हटलं. "इथं कुणाचा हात येत नाही दारातून."

त्याचा चेहरा गंभीर झाला. कपाळावर घाम आला. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले.

"म... म... म..."

तो शब्द मला दिसत होता. तो पुरा करून देणं किती सोपं होतं! पण मी नाही केला. तो त्याचा शब्द होता. बाहेर कुठली तरी गाडी धडधडत स्टेशनात शिरली, थांबली, मामांनी कुणाशी तरी मोटरीचं बोलून घेतलं, आणि मी तशीच उभी राहिले, त्याच्याकडं बघत.

"म... मोनाली," तो म्हणाला. आणि श्वास घेऊन, पुढं, "म-मला तू... आ... आ... आवडतेस."

'तुम्ही'चं 'तू' झालं होतं. दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांनी वळून पाहिलं. त्यानं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"मला पण तू आवडतोस," मी म्हटलं. खणखणीत, आमच्या घरात बोलतात तसं.

माऊली मामा बाहेरून ओरडले, "आरं विश्वजीत, चहा सांगून ये की पोरीला!"

आम्ही रस्ता ओलांडून टपरीवर गेलो. तो रोज तिथं दोन बोटं दाखवून चहा घ्यायचा, असं नंतर कळलं. त्या दिवशी त्यानं हात खिशातच ठेवले. चहावाल्यासमोर उभा राहिला आणि "द... द... दोन चहा" म्हणाला, स्वतःच्या आवाजात. चहावाला थांबला, मी थांबले. मग त्यानं दोन पेले भरले, आणि त्यातला पहिला विश्वजीतनं माझ्या हातात दिला.