डाव्या कानातला कापूस

दिवा जरा इकडं सरकव अन् माझ्या डाव्या अंगाला बस.

माझी कामावरची मैत्रीण जाहेदा गेली त्या दुपारी मी तिचं शेवटचं तोंड बघायला गेले होते. पोलीस ॲक्शनच्या, अठ्ठेचाळीस सालचा माझा जन्म. शाळा नाय, दुकानांच्या पाट्या वाचून अक्षरं शिकले. चिकलठाण्याच्या कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या एकाच प्रेसवर आम्ही दोघींनी जन्म काढला. प्रेस माझ्या उजव्या अंगाला, तिच्या डाव्या. काम सुरू झालं की कानात कापसाचा बोळा. तरी माझा उजवा कान गेला, तिचा डावा. माझ्या मेल्या कानात शिट्टी वाजते. तिच्या कानात मधमाशी गुणगुणायची.

आत तिचं न्हाणं चाललं होतं. कापराचा वास, अत्तराचा वास. बाहेर बायकांचा आकांत. शेजारी कापूस पडला होता. हाताला सवयच, बोळा वळला अन् माझ्या चांगल्या, डाव्या कानात कोंबला.

तिची लेक गौहर माझ्याकडं बघतच राहिली.

"खाला... वो अम्मी के कफन का कापूस है..."

मयताच्या नाका-कानात घालायचा कापूस तो. मी काढून पुढं केला. तिनं तो हातात घेतला नाय.

त्या संध्याकाळपासून माझ्या डाव्या कानात मधमाशी.

लई घाबरले. मी एकटी राहते. दाराची कडी, उतू जाणारं दूध, नातवाचा फोन, सगळं त्याच कानावर. तोही गेला तर?

डॉक्टर गाठला. तो म्हणाला, मोठ्या आवाजानं कानातल्या बारीक पेशी मरतात. तिकडून मेंदूला काही येत नाय, मग तो स्वतःच आवाज तयार करून रिकामी जागा भरतो. पटलं मला. मग बंद खोलीत बसवून दोन्ही कान तपासले. उजवा मेलेला. डावा तरण्या पोरीसारखा.

"मग डावीकडं माझा मेंदू कुणाची जागा भरतोय?" मी विचारलं.

तो हसला. गंमत म्हणून वाकला अन् माझ्या डाव्या कानाला आपला कान लावला. बराच वेळ तसाच राहिला. सरळ झाला तेव्हा तोंडावर हसू नव्हतं.

"काय झालं?"

"काही नाही, आजी..."

मला आता भीती नाय. कान शाबूत आहे, घरात सोबत झाली. ती गुणगुणते, मी भाकरी थापते. झोपही छान लागते.

तपासणीला अजून जाते. डॉक्टर मात्र हल्ली माझ्या बहिऱ्या बाजूलाच बसतो, अन् ओरडून बोलतो.