भुवयांचं 'हो'

तुम्ही खोटं लिहिलंत. 'हे नातं खरं आहे का, असं विचारलं असता अर्जदार बाईंनी उत्तर दिलं नाही.' हे वाक्य तुमचं, त्याखालची सही तुमची, आणि ते खोटं आहे. मी उत्तर दिलं होतं. एकदा नाही, तीनदा. तुमच्या-माझ्यामध्ये एक टेबल होतं फक्त. तुम्ही माझ्याकडे तोंड करून बसला होतात आणि तुम्हाला दिसलं नाही. यात गुन्हा कुणाचा, ते शेवटी बघू. आधी सगळं ऐका. त्या दिवशी तुमचं लक्ष घड्याळाकडे होतं. आज नको.

मी तेबोरा. किरिबाती या बेटांच्या देशातल्या अबायांग बेटावरची. तुमच्या देशात, टलीला आले ती म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात काम करायला. टली म्हणजे ऊस आणि पाऊस, दुसरं काही नाही. पत्र्यावर पाऊस असा वाजायचा की आश्रमातले बहिरे आणि धडधाकट एकाच मापाचे व्हायचे, कुणालाच काही ऐकू यायचं नाही.

पहिल्या दिवशी मी सुपरवायझर बाईंना विचारलं, "यांची मुलं कशाने वारली?"

त्या हसल्या. मुलं जिवंत होती. रविवारी यायची... आधी फोन करून. आईकडे जायला फोन करून विचारायचं, हे मला त्या दिवशी कळलं. आणि आईला असं ठेवतात हे कळलं, आणि ते प्रेमानेच ठेवतात हेही हळूहळू कळलं. मी शिकले, साहेब. तुमच्या देशात आल्यावर शिकायचं काम माझं होतं, आणि मी ते केलं. हे लक्षात असू द्या.

सात नंबरच्या खोलीत विनी आजी होती. तिला 'आजी' म्हणायचं नाही, नुसतं 'विनी' म्हणायचं, असं मला बजावलेलं. पण पिकलेल्या केसांच्या बाईला नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना. आजीनेच सोडवलं. "म्हण गं पोरी आजी. माझा नातू मला 'म्हातारे' म्हणतो, त्यापेक्षा बरं."

तो नातू म्हणजे रोरी.

तो आला तेव्हा मी आजीची उशी सरळ करत होते. साखर कारखान्याची उसाची छोटी आगगाडी चालवायचा तो. कामावरून तसाच आलेला, गुडघ्यापर्यंत चिखल, केसांतून पाणी गळतंय... आणि दारातच थांबलेला, कारण फरशी मी आत्ताच पुसली होती. ते मला आवडलं. माणूस फरशीकडे बघतो की नाही, यावरून पुष्कळ कळतं.

"जेवली का ही?" त्याने विचारलं.

मी भुवया उचलल्या.

तो थांबला. "म्हणजे... जेवली ना?"

मी परत उचलल्या.

"आश्चर्य कशाचं वाटतंय तुम्हाला? मी आलो त्याचं, का ती जेवली त्याचं?"

"अरे गाढवा," आजी पलंगावरून म्हणाली, "ती 'हो' म्हणतेय. त्यांच्याकडे 'हो' असंच म्हणतात. मला पहिल्या आठवड्यात कळलं. देवाने तुला डोळे कशाला दिलेत?"

आजीला ऐकू येत नव्हतं, म्हणून ती चेहरे वाचायची. नव्वदीला टेकलेली बहिरी बाई, तिला एक आठवडा पुरला. हेही लक्षात असू द्या.

त्यानंतर रोरी बुधवारीही यायला लागला. आजीसाठी म्हणे. तिच्या पलंगाशी बसायचा आणि मला वाटेल ते विचारायचा.

"तुमच्याकडे पण पाऊस पडतो का?"

भुवया.

"नारळ असतात?"

भुवया.

"मी बरा दिसतो?"

मी चादरीची घडी घालायला घेतली.

"आता का नाही उचलल्या?"

"खोटं बोलायची सवय नाही मला."

आजीला ऐकू आलं नव्हतं, तरी ती हसली.

"बरं, मग 'नाही' कसं म्हणता?" त्याने विचारलं.

"तोंडाने."

"मग माझ्याशी तोंडाने बोलूच नकोस." हे तो चिखलाच्या बुटांकडे बघत म्हणाला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या त्याच्या. घडी घातलेली चादर मी उगाच उलगडली आणि परत घडी घातली...

एकदा मी भिजत बसची वाट बघत होते. तो गाडी घेऊन आला, उतरला. मी म्हटलं, "ते जॅकेट दे मला." त्याने काढलं आणि दिलं. स्वतः भिजला.

पुढच्या रविवारी इकडे-तिकडे बघून हळूच म्हणतो, "माझं जॅकेट..."

"तुझं कुठलं? माझं ते. आणि आता माझंही नाही. माझ्या खोलीतल्या मुलीने मागितलं, तिला दिलं."

त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. मग मी त्याला बुबुती समजावून सांगितली. आमच्याकडे कुणी बुबुती करून काही मागितलं की नाही म्हणायचं नसतं. होडी मागितली तर होडी, पीठ मागितलं तर पीठ. जो नाकारतो त्याच्या घराची अब्रू जाते, सगळ्या गावात.

"म्हणजे मी तुझ्याकडे काहीही मागितलं तर तुला द्यावं लागेल?"

"मागणाऱ्यालाही लाज असावी लागते. जपून माग."

तो खिडकीबाहेर बघायला लागला. आणि काहीच मागितलं नाही. त्या दिवशी मी भांडी जरा जास्तच आपटली.

ऊस संपत आला होता. शेवटच्या फेऱ्या चालू होत्या. आश्रमाच्या मागून रूळ जायचे, मी कपडे वाळत घालत होते, आणि त्याची गाडी मध्येच थांबली. मागे उसाने भरलेल्या वाघिणींची रांग. तो उतरून कुंपणापाशी आला.

"गाडी का थांबवलीस? कारखान्यातले ओरडतील."

"ओरडू देत. तेबोरा... मी बुबुती करतोय."

"काय हवंय? दुसरं जॅकेट?"

"तू." मग घाईघाईने, "म्हणजे कायमची. आणि दुसऱ्या कुणी मागितलं तर द्यायचं नाही."

माझ्या हातात आजीचा ओला गाऊन होता. पाणी पायावर गळत होतं. मी वर बघितलं आणि भुवया उचलल्या.

पहिल्या दिवशी दोनदा विचारणारा माणूस, त्याने त्या दिवशी परत विचारलं नाही. एकदाच पुरलं त्याला.

लग्न चर्चच्या मागच्या हॉलमध्ये झालं. आजी चाकाच्या खुर्चीत, टोपी घालून. मग मला तिथेच राहता यावं म्हणून आम्ही तुमच्याकडे व्हिसाचा अर्ज केला, आणि तुम्ही मला बोलावलंत.

थंडगार खोली. टेबलावर फोन. फोनमध्ये तुमचा दुभाष्या. तोआकाई नावाचे एक वयस्क गृहस्थ, आवाजावरून माझ्या आजोबांच्या वयाचे. आमच्यात आधी विचारतात तसं त्यांनी विचारलं, "कुणाची गं तू, बाळ?" तुम्ही त्यांना तोडलंत. "खाजगी बोलू नका." आणि मग तुम्ही मला काय विचारलंत, आठवतंय? नवरा पलंगाच्या कुठल्या बाजूला झोपतो. त्याचा दात घासायचा ब्रश कुठल्या रंगाचा. आजोबांच्या वयाच्या माणसाच्या तोंडून हे प्रश्न माझ्या कानात पडत होते, साहेब. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. तरी सगळ्याला तोंडाने उत्तरं दिली. खिडकीच्या बाजूला. हिरवा.

मग शेवटचा प्रश्न. "तुमचं या माणसावर प्रेम आहे का? हे नातं खरं आहे का?"

फोनमध्ये तोआकाई आजोबा अडखळले. त्यांनाही लाज वाटत होती. आमची बाई हे शब्द वडीलधाऱ्या माणसासमोर मोठ्याने बोलत नाही, आणि कुठलाही वडीलधारा तिला ते बोलायला लावत नाही. मी खाली बघितलं, कारण साहेबाच्या डोळ्यात डोळे घालणं हा आमच्याकडे उद्धटपणा. आणि भुवया उचलल्या.

तुम्ही परत विचारलंत. मी परत उचलल्या.

तिसऱ्यांदा विचारलंत. तिसऱ्यांदा.

तुम्ही फोनला विचारलंत, "काय म्हणतेय ती?"

फोन म्हणाला, "मला काही ऐकू आलं नाही."

खरंच होतं ते. त्या आजोबांनी मला नुसतं बघितलं असतं तर एका क्षणात सांगितलं असतं. ज्याला कळत होतं त्याला तुम्ही फोनमध्ये बसवलंत, आणि जे समोर बसले होते त्यांना कळत नव्हतं. ही तुमची व्यवस्था. मी नाही केली.

तुम्ही म्हणाल, एक शब्द बोलली असती तर काय बिघडलं असतं? काही नाही. हे मी तुमच्याहून जास्त वेळा स्वतःला विचारलंय. पण उत्तर देणाऱ्याने सगळं शिकायचं आणि विचारणाऱ्याने काहीच नाही, असा नियम कुठे आहे, तो दाखवा.

अर्ज फेटाळलात. रोरी आधी हसला. "भुवया? एवढंच ना? मी जाऊन सांगतो त्यांना." तो आला तुमच्याकडे. आणि तुम्ही त्याला त्या दिवसाचं रेकॉर्डिंग ऐकवलंत.

मी बाहेर गाडीत बसले होते. काचेवर पाऊस. तो येऊन बसला, गाडी सुरू केली नाही.

"काय ऐकलंस?"

"काही नाही." मग... "तेच तर. काहीच नाही."

"रोरी, मी भुवया..."

"माहितीये मला," तो म्हणाला. "माहितीये गं." आणि हे म्हणताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही. आमची ओळख झाल्यापासून पहिल्यांदा, प्रश्न समोर असताना त्याने माझ्या कपाळाकडे बघितलं नाही.

मला अबायांगला परत यावं लागलं. तो इथे येऊन राहू शकत नाही, आजीला त्याच्याशिवाय कुणी नाही, त्या बाईनेच त्याला वाढवलंय. मला त्याबद्दल त्याचा राग नाही. आईसारख्या आजीला सोडून येणारा नवरा मला चालला नसता.

इथे आमच्या घरामागे विलायती फणसाचं मोठं झाड आहे, त्याच्या बुंध्याशी फोन लागतो. परवा दुपारी त्याचा फोन आला. आजीच्या खोलीतून. इकडचं-तिकडचं झालं. मग तो म्हणाला,

"तेबोरा... तुला खरंच परत यायचंय ना?"

मी भुवया उचलल्या.

झाडाखाली एकटी उभी राहून. समोर शेजाऱ्यांची कोंबडी होती, तिने बघितलं असेल. पलीकडे नुसती खरखर. मग माझ्या लक्षात आलं आणि मी ओरडले, "हो. हो, रोरी. हो."

तो म्हणाला, "इतका वेळ का लागला?"

मागून आजीचा आवाज आला, बहिऱ्या माणसाचा मोठा आवाज. "काय रे, गप्प का झालास? ती 'हो' म्हणत असेल, गाढवा. भुवया उचलत असेल."

"हो गं म्हातारे," तो म्हणाला. म्हाताऱ्या माणसाची समजूत काढताना म्हणतात ना, तसं.

हे तुम्ही केलंत. व्हिसा नाकारलात ते एक वेळ तुमचं काम असेल. पण ज्याला एकदा पुरत होतं, त्याला मोजायला लावलंत की बायको किती वेळ गप्प होती. तुमची नजर काढून त्याच्या डोळ्यांत बसवलीत.

आता मी मागते. व्हिसा नंतर मागेन. आज मी बुबुती करतेय, आणि बुबुतीला नाही म्हणता येत नाही. जो नाकारेल त्याची अब्रू गावभर जाईल, तुमचं गाव केवढंही मोठं असो. मला एक उत्तर द्या. त्या दिवशी मी तीनदा 'हो' म्हणत होते, तेव्हा तुम्ही कुठे बघत होतात?

तोंडाने सांगा. मी झाडाखाली थांबलेय.