घंटेमागची नावं

एप्रिलमधल्या टळटळीत दुपारी मी जयाताईंना घेऊन कांदिवलीला गेलो, एका घड्याळाची पाठ बघायला.

त्यांचा नवरा अंबादास साकीनाक्याच्या एका गाळ्यात जुनी विलायती टेबल-घड्याळं दुरुस्त करायचा. आठ तारखेच्या संध्याकाळी तो गाळा जळला आणि अंबादास घरी आलाच नाही. "शटर उघडंच होतं, सगळे बाहेर पडले. अंबादासला तर मी मार्चमध्येच काढलं होतं," मालक म्हणाला, आणि सगळ्यांनी ते निमूट लिहून घेतलं. कोणी चाळायच्या आत ढिगारा डंपरमधून गेला. तीस वर्षं बातम्या करतोय. माणूस मेलाच नाही असं ठरवायला या शहरात एक डंपर पुरतो.

"ह्यांची सवय होती," जयाताई म्हणाल्या होत्या. "दुरुस्ती झाली की घंटेमागे नाव आणि तारीख कोरायची. विलायतेतले कारागीर तसंच करायचे म्हणे."

आगीच्या दिवशी दुपारी एकच घड्याळ गाळ्यातून बाहेर गेलं होतं. कांदिवलीच्या मधुकररावांचं.

ते त्यांच्या हॉलमध्ये होतं. काळं लाकूड, वर पितळी मूठ, मागच्या काचेतून दिसणारी, हाताने कोरलेली वेलबुट्टी. काटे थांबलेले.

"आल्यापासून चाललंच नाही हो," मधुकरराव हळू आवाजात म्हणाले. "पण दुपारी आतून खरखर येते... पितळेवर सुई ओढावी तशी. आणि हा वास..."

जळक्या रबराचा. मलाही येत होता.

जयाताईंनी पिशवीतून नवऱ्याचा पेचकस काढला. घंटा सुटली. मागच्या पितळी पत्र्यावर सहा इंग्रजी नावं, शेवटचं दीडशे वर्षांपूर्वीचं. त्याखाली सातवं, मराठीत: अंबादास, ८ एप्रिल.

"होते ना?" त्या म्हणाल्या. "होते ना तिथे?"

संध्याकाळी पोलीस ठाण्यात भांडून मी पंचनामा करून घेतला. घड्याळ कापडात शिवलं, लाखेचं सील लावलं, कपाटाला कुलूप.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिथल्या हवालदार शीतल यांचा फोन आला.

"साहेब, काल आपण नावं किती मोजली?"

"सात. तुम्हीच लिहिलीत ना?"

"हो. आज कपाटातून खरखर यायला लागली, म्हणून पंचांसमोर सील तोडलं... आठवी ओळ आहे."

"कोणी कोरली?"

"अक्षर तेच. नाव नाही, तारीख नाही... 'शटर उघडा.' एवढंच... आणि साहेब, पत्रा गरम आहे."