मामाने सांगितलेली खेळी

आमच्या कबानजाहे गावच्या जाम्बुरात, त्या भिंती नसलेल्या मोठ्या छपराखाली, आमची लग्नं लागतात, दिवसकार्याची जेवणं उठतात आणि बुद्धिबळाच्या स्पर्धाही होतात. त्या दिवशी शेवटची फेरी होती. समोर माझा मामेभाऊ तेरकेलिन. जिंकलो तर मला मास्टर हा किताब मिळणार होता. पन्नाशी उलटल्यावर अशी संधी पुन्हा येत नाही.

"दादा, आज सोडणार नाही हं," तेरकेलिन बसता बसता म्हणाला.

"आधी नाक पूस, मग बोल."

दुपारपर्यंत डाव माझ्या हातात आला. माझ्या प्याद्याला वजीर व्हायला दोनच घरं उरली होती. घोडा तेरकेलिनच्या हत्तीची आत यायची वाट अडवून उभा. तो हलवायचा नाही, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

तेवढ्यात लवंगेच्या सिगारेटचा वास आला. पंचांनी तर सकाळीच सगळ्यांच्या सिगारेटी बाहेर ठेवायला लावल्या होत्या. मी इकडेतिकडे पाहिलं. कुणीच ओढत नव्हतं. मग मानेवर ऊब जाणवली, कुणीतरी वाकून पट बघत असावं तशी. कॉफीच्या टपरीवर रकुतमामा, तेरकेलिनचा बाप, असाच वाकायचा आणि चाली सांगायचा. त्याला जाऊन वर्ष होत आलं होतं. त्याच्या कार्याचं जेवण याच छपराखाली झालं, भात मीच वाढला होता.

"भाच्या, घोडा हलव."

आवाज त्याचाच. मी शाळेत गणित शिकवतो. थकल्यावर कान वाजतात, हे मला ठाऊक आहे. पण आम्हा कारो लोकांत मामा म्हणजे डोळ्यांना दिसणारा देव. बापाचं एकवेळ नाही ऐकलं तरी चालतं, मामाचा शब्द मोडायचा नसतो.

"नको ना, मामा," मी पुटपुटलो.

"हलव म्हणतो ना!"

माझी बोटं घोड्यावर टेकली. एकदा हात लावला की तीच सोंगटी चालवावी लागते. मी चालवली.

तेरकेलिनचा हत्ती आत घुसला. मात.

माझं सगळं संपलं होतं. मला रडू फुटलं. वर पाहिलं तर तेरकेलिनही रडत होता.

"बाबा मघापासून सांगतायत, डाव सोडून दे, जिंकू नकोस," तो म्हणाला. "मी ऐकलं नाही, दादा."

म्हणजे आम्हा दोघांनाही मामाने हरायलाच सांगितलं होतं.

तेरकेलिन उठला. मी हात पुढे केला. त्याचा हात मला टाळून माझ्या खांद्यावरून पलीकडे गेला.

"सोडा ना, बाबा."

मागे वळून बघायची माझी छाती झाली नाही. तेरकेलिनची बोटं तेवढी डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होती. कुणाच्या तरी मुठीत आवळल्यासारखी ती एकमेकांवर दाबली जाऊन पांढरी पडत चालली होती.