तापातला आलेख

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि एक खाडीकाठचं गाव डोळ्यांसमोर आणा. साल आहे २०५८. गावाशेजारी मिठागर आहे. मीठ अजून उन्हातच पिकतं, पण घरोघरी आजाऱ्यांना बघायला एक यंत्रमानव येतो. चहा विचारायला जवळ गेलेल्याचंही मनगट तो आधी धरतो, म्हणून पोरांनी त्याला नाडीबाई म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडलं.

आता कोडं ऐका. केतकी घरत हिचा हरेशकाका मिठागरात काम करायचा. गडी धडधाकट. तरीही दोन वर्षांत तो दोनदा बेशुद्ध पडला, आणि दोन्ही वेळा त्याच्या अंगात ताप होता. प्रत्येक वेळी तालुक्याला नेऊन हृदयालेख (हृदयातल्या विजेची कागदावर उमटणारी रेघ) काढला, तर तो निर्दोष निघाला. काका म्हणायचा, डॉक्टरांचं यंत्रच आजारी आहे.

त्या दुपारी काकाला पुन्हा ताप चढला. घशात संसर्ग (जंतूंनी शरीरात केलेला शिरकाव) झाला होता. केतकीच्या बाबांनी घरच्या रिवाजाप्रमाणे खिडक्या लावल्या आणि भावावर दोन गोधड्या घातल्या. घाम फुटेल, ताप उतरेल, मग दवाखाना. भर तापात माणसाला खाडीच्या वाऱ्यावर काढायचं नाही, हा घरतांचा नेम होता.

केतकीला चैन पडेना. मागच्या खेपेला काका तिच्यासमोरच कोसळला होता. आता तिसऱ्यांदा कोसळला आणि उठलाच नाही तर? नाडीबाई फेरीवर येताच तिने तिला आत ओढलं. नाडीबाईने आधी गोधड्या काढायला लावल्या, खिडक्या उघडल्या. ताप एकशे तीन होता. तिने काकाला गोळी दिल्यावर केतकीने विचारलं, की दुखणं घशाचं, मग काका बेशुद्ध का पडतो?

नाडीबाई सांगू लागली. हृदय असंख्य पेशींचं (शरीराच्या अगदी सूक्ष्म विटांचं) बनलेलं असतं. प्रत्येक पेशीच्या भिंतीत बारीक दारं असतात. ती उघडली, की मिठात असतात तसे सोडियमचे कण आत घुसतात आणि वीज निर्माण होते. ही वीज पेशीमागून पेशीत जाते, म्हणून हृदय नीट आवळतं आणि रक्त पुढे ढकलतं. काही घराण्यांत ही दारं जन्मतःच जरा कच्ची असतात. एरवी निभावून जातं. ताप चढला की मात्र ती वेळेआधीच मिटतात. वीज कुठे पोहोचते, कुठे नाही. मग हृदय आवळायचं सोडून नुसतं थरथरतं, मेंदूला रक्त मिळत नाही आणि माणूस कोसळतो. बहुतेकांना तापात असं काही होत नाही, हेही तिने सांगितलं.

"मग कागदावर का नाही दिसलं?" केतकीने विचारलं.

"कागद काढला तेव्हा ताप किती होता?"

केतकीला आठवलं. ताप उतरल्याशिवाय काकाला कधी नेलंच नव्हतं. ती बाबांकडे वळली. "बाबा, मिठागराच्या बांधाचं दार गळतंय का, ते तू ओहोटीला बघतोस?"

"वेडी का तू? ओहोटीला पाणीच नसतं. ते भरतीलाच..." बाबा बोलता बोलता थांबले.

नाडीबाईने तिथेच काकाच्या छातीला तारा लावल्या. दोनदा निर्दोष आलेल्या रेघेवर या वेळी एक वेगळाच उंचवटा होता. तिने लगेच रुग्णनौका बोलावली. बाबांनी नेम बाजूला ठेवला आणि भावाला खाडीच्या वाऱ्यावर स्वतः उचलून नेलं.

इस्पितळात ताप उतरवत दोन दिवस काकावर नजर ठेवली. तो कोसळला नाही. ताप गेला तसा रेघेवरचा उंचवटाही मावळला. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवले. यापुढे ताप आला की तो लगेच उतरवायचा आणि थेट इस्पितळ गाठायचं, असं त्यांनी बजावलं. कच्ची दारं दुरुस्त करणाऱ्या औषधावर काम चालू आहे, केतकी मोठी होईपर्यंत ते हाती येईलही, असं त्या म्हणाल्या. पण हा दोष घराण्यात उतरतो, तेव्हा जवळच्या नातेवाइकांनी आजच रक्त तपासून घ्यावं.

मिठागरात फार काम पडलंय, पुढच्या आठवड्यात बघू, असं बाबा पुटपुटले.

"दादा सुईला घाबरतो," काका खाटेवरून म्हणाला.

केतकीने बाही वर सारली, परिचारिकेसमोरच्या खुर्चीत बसून हात पुढे केला, आणि दुसऱ्या हाताने शेजारची रिकामी खुर्ची बाबांसाठी ओढून घेतली.