गवळी गल्लीतला सहचर

मृदा-अभिलेख प्रयोगशाळेच्या टेबलावर कोल्हापूरची तीनशे वर्षं आडवी पडली होती. गवळी गल्लीत खोल छिद्र पाडून काढलेला मातीचा तो चार मीटर लांब दंडगोल. तळाशी नदीकाठच्या कुरणाची काळी माती, वर शेणाचे थर, मग कौलांचे तुकडे, विटा आणि शेवटी काँक्रीट. शहर म्हशींभोवतीच वाढलं होतं. नऊ वर्षांपूर्वी, २०५२ साली, त्याच शहरानं म्हशींना हद्दीबाहेर घालवलं.

म्हशी शहराबाहेर न्याव्यात, असा अहवाल दिला होता डॉ. शर्वाणी घाटगे यांनी. आज त्या स्वतःच या मातीवर वाकल्या होत्या, कारण म्हशींसाठी शहराबाहेर वसवलेल्या महिषग्रामात रेडकं मरत होती. एका महिन्यात चारशे! गोठे आरशासारखे स्वच्छ, धारा काढायला स्वयंदोहक यंत्रं, माणसाचा हात कुठेच लागत नव्हता. तरीही रेडकू आठवड्याचं झालं की हगवण लागे आणि ते आडवं पडे.

"मॅडम, हा जंतू प्रत्येक थरात आहे," त्यांचे सहकारी डॉ. मुजावर पडद्याकडे बोट दाखवत म्हणाले. "मी त्याला सहचर म्हणतो. तो पिल्लांच्या आतड्याचं रक्षण करतो, रेडकाच्या आणि माणसाच्या बाळाच्याही."

"मग महिषग्रामातल्या म्हशींत तो नाही?"

"आहे, पण बोथट. म्हशीच्या अंगावर त्याची संख्या वाढते, गुण मात्र हळूहळू जातो. माणसाच्या कातडीवर आला की पुन्हा धार चढते. पण तिथं त्याची वाढ होत नाही. म्हैस नसेल तर काही वर्षांत तो संपतो."

घाटगेबाईंनी चष्मा काढून हातात घेतला. "म्हणजे आज रेडकं, उद्या आपली बाळं. आणि ही ताटातूट मीच केली." मग त्यांनी चष्मा नीट बसवला. "रडत बसायला वेळ नाही. शहराच्या सांडपाण्यात धारदार सहचर कुठे सापडतो का, ते शोधा."

तो गवळी गल्लीतल्या एकाच घराच्या मोरीत सापडला.

दार बसाप्पा गवळी यांनी उघडलं. सत्तरीचे, रुंद पंजांचे. मागच्या खोलीत, पलंग हलवून केलेल्या जागेत, काळीभोर म्हैस रवंथ करत उभी होती. शहरात जनावर पाळणं म्हणजे जप्ती, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"म्हस न्यायला आलाईसा न्हवं?" बसाप्पा म्हणाले. "न्या. पर एकटीला ठिवू नका. चारा सोडती."

आतून त्यांच्या पत्नी कस्तुराबाई पुढे झाल्या आणि म्हशीच्या गळ्याला मिठी मारून उभ्या राहिल्या.

घाटगेबाईंनी म्हशीच्या कपाळावरून हात फिरवला. मातीत वाचलेलं आणि समोर दिसत असलेलं आता जुळत होतं.

"म्हैस इथंच राहील," त्या म्हणाल्या. "जप्तीवाल्यांना आधी माझ्याशी बोलावं लागेल. काका, औषध तिच्याकडे नाही, तुमच्या हातांवर आहे. आम्ही तुम्हाला न्यायला आलोय."

"मला?" बसाप्पांनी आपले पंजे उलटसुलट करून पाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी महिषग्रामातली यंत्रं पहिल्यांदाच बंद झाली. बसाप्पा गोठ्यात मांडी घालून बसले. एका अशक्त रेडकाच्या तोंडात त्यांनी बोटं घातली, टाळूला हलकेच गुदगुल्या केल्या आणि चुचकारलं. रेडकू चोखू लागलं. चौथ्या दिवशी ते पायांवर उभं राहिलं. दहाव्या दिवशी त्या गोठ्यातलं एकही रेडकू आडवं नव्हतं.

पण गोठे होते एकशेवीस आणि बसाप्पा एकटे.

पंधराव्या दिवशी घाटगेबाईंनी महापालिकेच्या सभेसमोर स्वतःचा जुना अहवाल रद्द केला. नवा अहवाल एका पानाचा होता: प्रत्येक वॉर्डात गोठा, प्रत्येक गोठ्यात गवळ्याचं कुटुंब, आणि शेजारच्या बाळांना तिथं मुक्त प्रवेश.

"एवढी वर्षं गेल्यावर असे हात आता आणायचे कुठून?" एका सदस्यांनी विचारलं.

उत्तर मुजावरांनी दिलं. "म्हशीजवळ राहिलं की हात तयार होतात. गेले दोन आठवडे मॅडम रोज बसाप्पांच्या घरी धार काढायला जातात. आज सकाळी त्यांचे हात तपासले, धारदार सहचर सापडला."

त्या दुपारी महिषग्रामात, बसाप्पा अजून पोहोचले नव्हते त्या एकविसाव्या गोठ्यात, घाटगेबाई शेणात गुडघे टेकून बसल्या. समोरच्या रेडकानं त्यांची बोटं हुंगली, मग तोंडात घेतली आणि जोरात ओढली.