मिठाची बशी

कल्याणीनगरच्या एका गल्लीत, दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर ते कोरियन हॉटेल होतं. तिथं नाव होतं एकाच पदार्थाचं, तासन्‌तास उकडलेल्या डुकराच्या मांसाचं. लाकडी पाटावर जाड काप, शेजारी लेट्यूसची पानं, लसूण आणि बशीत जाडं मीठ. शिजवताना मीठ जवळपास घालतच नाहीत, ज्याचं त्यानं लावून घ्यायचं.

रविवारची दुपार होती. अवधूत आणि त्याची बायको तनया चौघांच्या टेबलावर समोरासमोर बसले होते. नारायण पेठेत अंडंसुद्धा चोरून खाल्लेल्या माणसानं डुक्कर मागवलं, म्हणजे प्रगतीच म्हणायची. अवधूतचे वडील, नाना, जाऊन चार महिने झाले होते. आता घरी विचारणारं कुणी नाही, असं त्याच्या मनात आलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

पहिला घास अळणी लागला. त्यानं मीठ लावलं. तरी अळणीच.

"किती मीठ खातोयस?" तनया म्हणाली. बशी अर्धी झाली होती.

"दोनदाच घेतलं मी."

मालकीणबाई हसून बशी भरून गेल्या. अवधूत बघत राहिला. मिठात बोटाच्या टोकाएवढा खळगा पडला. मग शेजारी दुसरा. नाना असंच ओल्या बोटानं मीठ टिपायचे.

मूत्रपिंडं बिघडल्यावर डॉक्टरांनी नानांना दिवसाला अर्धा चमचा मीठ चालेल म्हणून सांगितलं होतं. अवधूत डॉक्टरांपेक्षा शहाणा. त्यानं मीठच बंद केलं आणि बरणी कपाटात ठेवून कुलूप लावलं. "अरे, बिनमिठाचं पान श्राद्धाला वाढतात," नाना म्हणायचे. "मी अजून आहे." तनयाही म्हणायची, देऊन टाक रे चिमूटभर. दोन वर्षं त्यानं कुणाचं ऐकलं नाही. शेवटच्या संध्याकाळी पेज समोर आली तेव्हा नानांनी विचारलं होतं, "घेऊ का जरा?" तो नाही म्हणाला. पहाटे नाना गेले. पेज तशीच राहिली होती.

तनया हात धुवायला उठली.

अवधूतनं पुन्हा अर्ध्यावर आलेली बशी शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढे सरकवली.

"घेऊ का?"

आवाज हळू होता. परवानगी मागणारा.

चार महिने तो याच प्रश्नाची वाट बघत होता. घ्या नाना, हवं तेवढं घ्या, हे त्यानं झोपेतसुद्धा घोकलं होतं.

"नाही," तो म्हणाला. सवयीनं, मान वर न करता.

पुन्हा कुणी विचारलं नाही.

तनया परत आली. "पुन्हा भरून गेल्या का त्या?"

त्या फिरकल्याच नव्हत्या. बशी मात्र काठोकाठ भरली होती. अवधूतनं बोट लावून पाहिलं.

मीठ ओलं होतं. आणि कोमट.